नाना, ते टिंब मीच दिलं होतं

नाना, तुम्ही गेल्याचं मला नवव्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, आधी मला हलकं वाटलं. रडू नंतर आलं, तेही बऱ्याच उशिरा. आधी एवढंच वाटलं, की आता पाटोद्याच्या स्टँडवर उतरताना तुम्ही समोर याल या धास्तीनं मान खाली घालावी लागणार नाही. ज्या माणसानं मला अख्खा हिवाळा आपल्या पाठीमागं माळ फिरवून दाखवला, त्याच्या मरणाला मी दिलेली पहिली पोच ही अशी. तुम्ही म्हणाला असतात, "आसंच आसतंय माय, मानूस." पण शेवटचं वर्षभर तुम्ही माझ्याशी बोलतच नव्हतात. त्यामुळं हे वाक्यही मीच तुमच्या तोंडी घालते आहे. तुमच्या तोंडी काहीबाही घालायची सवय मला आधीपासूनच आहे.

तुमच्या मेंढ्या माझ्या आजोबांच्या वेळेपासून आमच्या रानात बसायच्या. खत मिळायचं म्हणून आम्हीच बोलवायचो. मी लहान असताना आई माझ्या हाती तुमच्यासाठी भाकरी-कोरड्यास पाठवायची आणि तुम्ही मला नुकतं जन्मलेलं कोकरू हातात द्यायचात. मी शिकले, पुण्याला गेले, कॉम्प्युटरवर रानांचा हिशोब मांडणाऱ्या एका संस्थेत लागले. मग दुष्काळाची लागोपाठ दोन सालं आली. आमच्या आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, गावात गवत आणि चाऱ्याची सहकारी संस्था काढली. गावच्या गायरानाचा माळ राखायचा, गवत वाढवायचं, सभासदांच्या जनावरांना पुरवायचं, असं ठरलं. माळावर लांडगे, खोकड, काळवीट, चंडोल आहेत हे कुणीतरी सांगितलं, आणि माझ्या संस्थेनं अट घातली, की गवतासोबत हे जीवही टिकले पाहिजेत, तरच आम्ही मदत करू. आप्पा म्हणाले, आपलीच पोर आहे, तिलाच पाठवा. तशी मी आले.

तुम्हाला मी माझं काम समजावून सांगितलं ते आठवतं. बोरीच्या सावलीत लॅपटॉप उघडला होता. सगळा मुलूख वरून काढलेल्या चित्रात घ्यायचा, त्याचे बारीक चौकोन करायचे. प्रत्येक चौकोनात माती किती, उतार किती, गवत कसं, पाणी किती लांब, घरं किती जवळ, हे भरायचं. मग लांडगा कुठे दिसला, खोकड कुठे दिसलं, ती ठिकाणं द्यायची. कॉम्प्युटर त्यावरून शिकतो आणि न पाहिलेल्या चौकोनांबद्दलही सांगतो, की इथं लांडगा राहू शकेल, तिथं नाही. पुढची तीन सालं पाऊस पडला नाही तर काय होईल, कुठला माळ राखला तर जास्त जीव वाचतील, हेही सांगतो. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "त्याला कदी काटा मोडलाय का पायात?" मी हसले. तुम्ही हसला नव्हतात.

पण शिकवलंत. डोंगराच्या अंगाची कुसळी आणि खालची पवन्या या गवतांतला फरक तुम्ही मला चावून पाहायला लावलात. चंडोलाचं घरटं पायाखाली येणार तेवढ्यात तुम्ही काठी आडवी धरलीत. पाणी आटल्यावर खोकड कुठल्या ओढ्यात खड्डा उकरतं ते तुम्हाला ठाऊक होतं, आणि त्या खड्ड्यावर मागून कोण कोण पाणी प्यायला येतं तेही. मी सगळं यंत्रात भरत गेले. संध्याकाळी तुमची बायको, आक्का, मेंढीच्या दुधाचा चहा करायची. मला तो वास सहन व्हायचा नाही आणि तरी मी पेला संपवायचे. तेव्हा मी चांगली होते की चांगली दिसायला धडपडत होते, याचा आता छडा लागत नाही.

लांडग्याच्या बिळाकडं तुम्ही मला सगळ्यात शेवटी नेलंत. दोन महिने मी विचारत होते आणि दोन महिने तुम्ही ऐकूच न आल्यासारखं करत होतात. एका सकाळी मेंढ्या आक्कावर सोपवून म्हणालात, चल. कातळाच्या पोटात, खैराच्या मुळाखाली तोंड होतं. बाहेर हाडं पडलेली, माती चापून बसलेली. तुम्ही दुरूनच थांबलात आणि वाऱ्याच्या खालच्या अंगाला मला उभं केलंत. तुमच्या कळपातलं साल-दोन सालाला एखादं मेंढरू लांडगा न्यायचाच. तुम्ही त्याला त्याचा वाटा म्हणायचात. कुत्री सोडायचात, आरडाओरडा करायचात, पण मागं लागून मारायला कधी गेला नाहीत.

"कुनाला दावू नको," तुम्ही म्हणालात.

"नाही दाखवणार, नाना."

मी खोटं बोलत नव्हते. मला वाटत होतं, यंत्रात ते बीळ नुसते आकडे म्हणून जाणार आहे. आकडे कोण वाचतं.

आपलं भांडण त्यानंतरचं. यंत्रानं पहिलं चित्र काढून दिलं तेव्हा मी मोठ्या हौसेनं तुम्हाला दाखवलं. हिरवा रंग जिथं सगळं ठीक, पिवळा जिथं काळजी, तांबडा जिथं धोका. तुम्ही बराच वेळ पाहिलंत. वरचा माळ, मधला पाणवठा, खालचा ओढा तुम्ही बोटानं बरोबर ओळखलात. मग विचारलंत, "ह्यात मी कंच्या रंगात?"

मला तेव्हाच लॅपटॉप मिटायला हवा होता. मी सांगितलं, तांबड्यात.

"कावून?"

मी म्हटलं, चराईचा दाब जास्त आहे. जिथं मेंढ्या फिरतात तिथं गवत कमी दिसतं, म्हणून यंत्र तो भाग धोक्यात धरतं. तुम्ही चिडला नाहीत. शांतपणे समजावत होतात, जसं मी तुम्हाला समजावलं होतं तसंच. मेंढरू माळाचंच आहे, खुरानं बी दाबतं, लेंडी पडते तिथं पुढच्या साली हिरवं उगवतं. न चरलेलं गवत वाळून आडवं होतं, त्यात चंडोल घरटं करत नाही. आणि लांडगा जगतो कुणावर? काळवीट उरलंय किती? मेंढरं आहेत म्हणून लांडगा आहे. मी ऐकलं. मान डोलावली. मग म्हटलं, नाना, हे खरं असेल, पण मोजलेलं नाही. मोजल्याशिवाय मला आत घालता येत नाही.

त्यावर तुम्ही म्हणालात,

"मंग लांडग्याचं बीळ तू कुटं मोजलंतंस? म्या सांगितलं अन् घातलंस. माजी ती गोष्ट खरी, अन् ही खोटी?"

मी काहीतरी बोलले. शास्त्रातले शब्द वापरले असतील. तुम्ही उठलात, काठी घेतलीत आणि मेंढ्यांकडं गेलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मला सोबत घेतलंत, जणू काही झालंच नाही. तुमच्या या भलेपणाचा मला राग यायचा. अजूनही येतो. तुम्ही तेव्हाच मला हाकलून दिलं असतंत तर पुढचं बरंचसं टळलं असतं.

आप्पांच्या संस्थेच्या बैठकीत मी तीन पर्याय मांडले. एकात माळाचे तुकडे करून आळीपाळीनं चराई होती. तो मी तुमच्यासाठीच घातला होता, आणि यंत्रानं त्यालाच सगळ्यात कमी गुण दिले होते. आप्पांनी विचारलं, सगळ्यात चांगला कुठला? मी म्हटलं, अख्खा माळ बंद. आप्पांनी काही लबाडी केली असं मी म्हणू शकत नाही, म्हणता आलं असतं तर मला बरंच सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त माझं ऐकलं. तुम्ही दारात चपला काढायच्या जागी बसला होतात. बोलायला उठलात तर कुणीतरी म्हणालं, सभासदांनीच बोलायचं. सभासद व्हायला सात-बारावर जमीन लागत होती. तुमच्या नावावर हातभरही नव्हती. मला तो नियम ठाऊक होता. मी कागद चाळत राहिले.

माळाभोवती चर खणला, तार ओढली. राखणदार म्हणून तुमच्या मुलाला, बिरूला घेतलं. तुमच्या घरातलाच माणूस लावला की तुमचा त्रास होणार नाही, हा विचार आप्पांचा. बिरूलाही मेंढ्यांमागं आयुष्य काढायचं नव्हतं. त्याला खाकी शर्ट मिळाला, शिट्टी मिळाली. ती बातमी देताना तो माझ्याकडं पाहून हसत होता आणि मीही हसले.

चैत्रातला तो दिवस तुम्ही विसरला असाल अशी मला आशा होती. पाहुणे आले होते, पुण्याहून आणि आणखी कुठून कुठून. एका पावसाळ्यात माळावर गुडघाभर गवत आलं होतं, आणि मी त्यांना ते वाळलेलं सोनेरी गवत दाखवत होते. फोटो निघत होते. तेवढ्यात तुम्ही मेंढ्या घेऊन तारेपाशी आलात. बाहेरचे पाणवठे आटले होते. आतला मधला पाणवठा अजून ओला होता. बिरूनं शिट्टी वाजवली. मेंढ्या बिचकल्या, तुम्ही बिचकला नाहीत.

"पानी पाजून जातो, बिरू."

"नाना, आत न्हाई येता येत," तुमचा मुलगा म्हणाला. "आमाला तसं सांगितलंय."

तुम्ही त्याच्याकडं पाहिलंच नाहीत. माझ्याकडं पाहिलंत. एक शब्द पुरला असता, नाना. मी फक्त 'सोड' म्हटलं असतं तरी त्यानं तार वर धरली असती, तो त्याचीच वाट पाहत होता. पाहुण्यांतल्या एका बाईंनी मला विचारलं, हे कोण? मी म्हटलं, इथलेच एक मेंढपाळ आहेत.

तुम्हाला ऐकू गेलं का, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही तोंडानं मेंढ्या हाकायचा आवाज केलात आणि मेंढ्या वळवल्यात. त्या उन्हात पाण्याचा वास येऊनही त्या तुमच्या मागं गेल्या. माणसावर कुणी इतका विश्वास टाकू नये, एवढं मला तिथं उभं असताना वाटलं होतं.

पुढं तुमचं म्हणणं खरं ठरलं, लांडगा मेंढरांवरच जगत होता. कळप माळावरून गेले, तसा लांडगाही त्यांच्यामागं खाली उतरला. खाली गाव होतं. आधी कुणाची शेळी गेली, मग दुसरी, मग अंगणात खेळणाऱ्या पोरीच्या अगदी जवळून एक लांडगा पळत गेला. तिला काही झालं नाही, पण गाव पेटलं. आणि संस्थेच्या कार्यालयात भिंतीवर मी करून दिलेला मोठा नकाशा लावलेला होता.

त्या नकाशाबद्दल मला एकदाच सांगू द्या. तो छापताना, कुठला प्राणी कुठे सापडला ते दाखवणाऱ्या टिंबांचा थर बंद करायचा असतो. एक खूण काढायची, एवढंच काम. मी ती काढून पाहिली होती. टिंबांशिवाय नकाशा बोडका दिसत होता. टिंबं असली की कळत होतं, मी किती फिरले, किती शोधलं. म्हणून मी ती परत लावली आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं, लांडग्याचं बीळ. कुणी माझ्याकडून चोरलं नाही, कुणी फसवून घेतलं नाही. मला मिरवायचं होतं.

गावातले लोक नकाशा पाहून गेले. बिळाचं तोंड दगडांनी बुजवलं, एकच फट ठेवली आणि तिथं वाळल्या गवतात मिरच्या घालून धूर केला. गवत आपल्याच माळाचं होतं, संस्थेचं. आत मादी होती आणि पिल्लं होती. दुसऱ्या दिवशी दगड काढून त्यांना बाहेर ओढलं तेव्हा मी तिथं होते. पिल्लांचे डोळे नुकते उघडलेले असावेत.

तुम्ही कार्यालयात आलात तेव्हा मी नकाशा भिंतीवरून उतरवत होते. तुम्ही म्हणालात, राहू दे. जवळ जाऊन पाहिलंत. वाचता येत नसलं तरी आता तुम्हाला चित्र वाचता येत होतं, ते मीच शिकवलं होतं. बोट ओढ्यावरून वर आणलंत, कातळावर थांबवलंत.

"ह्ये टिंब त्येच का?"

"हो."

"म्या माज्या लेकालाबी सांगितलं नव्हतं," तुम्ही म्हणालात.

माझ्याशी बोललेलं हे तुमचं शेवटचं वाक्य. तुम्ही शिवी दिली असतीत, हात उगारला असतात, तर आज मला तुमच्याबद्दल थोडं वाईटही लिहिता आलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही उरलेली मेंढरं घेऊन परळीच्या अंगाला निघालात. पुढचं सगळं मला आक्कानं सांगितलं, दहाव्यानंतर मी गेले तेव्हा. मला वाटलं होतं ती मला दारात उभं करणार नाही. तिनं घोंगडं अंथरलं आणि काही न लपवता सांगत गेली. पाटोद्याकडच्या वाटा तुमच्या पायाखालच्या होत्या, तिकडच्या नव्हत्या. परळीजवळ वीजकेंद्राच्या राखेचे ट्रक जायचे, रस्त्याकडेच्या पाल्यावर राख बसलेली, मेंढरं तोंड लावून सोडून द्यायची. तुम्ही फांद्या झटकून, फडक्यानं पुसून त्यांना घालत होतात. एकेक फांदी. धर्मापुरीच्या अलीकडं दुपारी एका बाभळीखाली बसलात, म्हणालात की अंग जड झालंय, जरा टेकतो. आक्का पाणी आणायला जवळच्या वस्तीवर गेली. परत येईस्तोवर मेंढरं तुमच्याभोवती गोल करून बसली होती, म्हणून तिला आधी तुम्ही दिसलाच नाहीत. तिथल्याच लोकांनी माती द्यायला मदत केली. बिरूला पोचायला संध्याकाळ झाली. त्याची राखणीची पाळी होती.

आक्का हे सांगताना रडली नाही. मी रडले, आणि तिनं माझे डोळे पदरानं पुसले, हे लिहायची मला लाज वाटते, पण ते झालं. मग मी तिला सांगितलं, की मी हिशोब नव्यानं मांडला आहे. तुम्ही त्या हिवाळ्यात जे जे सांगितलं होतं ते माझ्या वहीत होतंच. तुमच्या मेंढ्यांना मी दाब म्हणून धरायचं सोडलं, लांडग्याचं अन्न म्हणून आणि माळाचं खत म्हणून आत घातलं, आणि पुन्हा यंत्र चालवलं. बंद माळ तांबडा झाला. आळीपाळीनं चरलेला हिरवा. तुमचा पर्याय, जो मी दया म्हणून यादीत ठेवला होता, तोच वर आला. हे सगळं करायला मला चार दिवस लागले. तुम्ही जिवंत असतानाही चारच लागले असते.

आक्कानं विचारलं, आता कळलं तर काय होणार? मी म्हटलं, माळ उघडता येईल. लांडगे परत येतील कदाचित.

"हायेत की लांडगं," ती म्हणाली. "कुटं हायेत, ते इचारू नको."

मी विचारलं नाही. नाना, तुमच्यासाठी मी नीट केलेली एवढी एकच गोष्ट.

निघताना बिरू मला पाटोद्यापर्यंत सोडायला आला. गाडी यायला वेळ होता. मी त्यालाही नवा निकाल सांगितला, लॅपटॉप उघडून दाखवला, जसा तुम्हाला दाखवला होता. त्यानं नीट पाहिलं. तुमच्यासारखाच तोही बोट लावून पाहतो. मग म्हणाला, मेंढरं परळीतच विकली, आईला एकटीला झेपत नव्हती. बाकीच्या तीन मेंढपाळ घरांनीही कळप काढून टाकले, कुणी पुण्याला गेलं, कुणी कारखान्यावर.

"आता माळ उघडून चरनार कोन, ताई?"

मी लॅपटॉप मिटला. त्यानं खिशातून कागद काढला. संस्थेनं त्याला कायम करायचं ठरवलं होतं, त्यासाठी तज्ज्ञाचं पत्र हवं होतं. माळ चराईसाठी बंद ठेवणं आणि त्यावर राखणदार नेमणं आवश्यक आहे, असा मजकूर आप्पांच्या माणसानं टाइप करून दिला होता. खाली माझं नाव आणि पदवी, सहीची जागा मोकळी. बिरू म्हणाला, ही राखण गेली तर मला दुसरं काही येत नाही. मेंढरं राखायला येत होतं, ते आता राहिलं नाही. तो विनवत नव्हता. तारेपाशी तुम्हाला अडवताना जसा बोलला होता, तसाच खाली बघून बोलत होता.

तुम्ही काय म्हणाला असतात, हे मी या वेळी तुमच्या तोंडी घालणार नाही.

मी स्टँडच्या बाकावर कागद ठेवला आणि सही केली. बिरूनं तो चुरगळू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून नेला. नवा निकाल लॅपटॉपमध्ये आहे, तो मी अजून कुणाला पाठवलेला नाही आणि पाठवेन असं वाटत नाही. पहिल्या खेपेला मी तुमचा माळ बंद करा म्हटलं, तेव्हा ते मला खरं वाटत होतं, नाना. या खेपेला ते खोटं आहे हे माहीत असून लिहून दिलं.